फारियांची खुर्ची आणि मेस्मरची अंधारी खोली

पणजीत मांडवीच्या काठाने चालत आदिलशहाच्या राजवाड्यापाशी आले की आबे फारियांचा ब्राँझचा पुतळा समोर येतो. लांब झगा घातलेला एक धर्मगुरू, पुढे पसरलेले त्याचे हात आणि त्या हातांखाली भान हरपून मागे कललेली एक स्त्री. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांचे हे शिल्प १९४५ सालचे. पर्यटक त्याची छायाचित्रे काढतात; आपण गोमंतकीय मात्र बस पकडण्याच्या घाईत त्याच्याकडे मान वर करूनही पाहत नाही. पाहिले तर एक विसंगती लक्षात यावी. त्या पसरलेल्या हातांतून काहीतरी गूढ शक्ती वाहते आहे आणि ती स्त्री तिच्या अधीन झाली आहे, असा समज हा पुतळा करून देतो. कांदोळीत १७५६ साली जन्मलेल्या फारियांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत पॅरिसमध्ये जे ठासून सांगितले, ते याच्या नेमके उलट होते. संमोहित करणाऱ्याच्या हातांत काहीही नसते. जे घडते ते समोर बसलेल्याच्या मनात घडते, हा त्यांचा सिद्धांत होता.

या जुन्या वादाची आठवण आज काढण्याचे कारण त्याच परिसरात आहे. २०१६ साली पणजीत सुरू झालेल्या सेरेंडिपिटी कला महोत्सवाने आदिलशहाचा राजवाडा, जुन्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची इमारत अशा वास्तू कलेसाठी खुल्या केल्या आणि आपल्या राज्यातील सर्वसामान्य माणसाला एका नव्या कलाप्रकाराची सवय लावली. भिंतीवर टांगलेले चित्र दुरून पाहण्याऐवजी प्रकाश, ध्वनी, चलचित्र, आरसे, धुके आणि कधी कधी गंध यांनी भरलेल्या खोलीत आपणच शिरायचे, असा हा प्रकार. मराठीत मांडणशिल्प हा शब्द रुळला आहे; त्याच्या या सर्व बाजूंनी वेढणाऱ्या रूपाला ‘इमर्सिव्ह’ म्हणतात. अशा दालनांचा आवडता विषय गेल्या काही वर्षांत ‘मन’ हा झाला आहे. चिंता, एकटेपणा, आठवण, विस्मृती, आघात, स्वत्वाचा लोप अशा संकल्पना खोलीच्या रूपात उभ्या केल्या जातात.

याचे स्वागत करावे की याकडे संशयाने पाहावे, असा प्रश्न पडतो. याचे उत्तर शोधताना फारिया उपयोगी पडतात, असे माझे मत आहे.

पॅरिसमधील पहिले मांडणशिल्प

फ्रांझ अँटोन मेस्मर हा वैद्य १७७८ साली व्हिएन्नाहून पॅरिसला आला. सर्व प्राणिमात्रांत एक अदृश्य चुंबकीय द्रव वाहतो आणि त्याच्या प्रवाहात अडथळा आला की रोग होतो, असा त्याचा दावा होता. त्याचे उपचारगृह कसे होते, याची वर्णने उपलब्ध आहेत. जाड पडद्यांनी अंधारलेले दालन, भिंतींवर आरसे, मध्यभागी ओकच्या लाकडाचे मोठे पिंप, त्यातून बाहेर आलेल्या लोखंडी सळया, त्या दुखऱ्या अंगाला टेकवून गोलाकार बसलेले रुग्ण, पलीकडून येणारे काचवाद्याचे थरथरते सूर आणि त्या सगळ्यांत जांभळट रेशमी झग्यात मंद पावलांनी फिरणारा मेस्मर. थोड्याच वेळात कोणी रडू लागे, कोणी खदखदा हसे, कोणाला आचके येत. प्रकाश, ध्वनी, स्पर्श, वस्तू आणि प्रयोगकर्ता यांची ती योजना आजच्या भाषेत बहुमाध्यमी मांडणशिल्पच म्हणावी लागेल.

फ्रान्सच्या राजाने १७८४ साली या प्रकाराच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्यात बेंजामिन फ्रँकलिन, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए, खगोलशास्त्रज्ञ बायी आणि डॉक्टर गिलोतँ होते. फ्रँकलिनच्या बागेत एक झाड ‘भारित’ करण्यात आले आणि एका मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला झाडांमधून फिरवले. मुलगा बेशुद्ध पडला खरा, पण भलत्याच झाडाखाली. आयोगाने निष्कर्ष काढला: चुंबकीय द्रव नाही, जे घडते ते कल्पनाशक्तीमुळे.

आयोगाच्या दृष्टीने विषय तिथे संपला. कल्पनाशक्ती म्हणजे भ्रम आणि भ्रम म्हणजे टाकाऊ. फारियांनी मात्र तिथूनच सुरुवात केली. केवळ कल्पनेने माणूस बेशुद्ध पडत असेल, तर ती कल्पना हाच अभ्यासाचा विषय नव्हे का? १८१३ साली त्यांनी पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावरील घरात जाहीर प्रयोग सुरू केले. तिथे पिंप नव्हते, आरसे नव्हते, संगीत नव्हते. आरामखुर्ची होती. तीत बसणाऱ्याला डोळे मिटून मन एकाग्र करायला सांगत आणि मग खणखणीत आवाजात एकच आज्ञा देत: झोपा. या अवस्थेला त्यांनी सजग निद्रा म्हटले. ती कोणाला लागते आणि कोणाला लागत नाही, हे बसणाऱ्याच्या स्वभावावर अवलंबून असते, माझ्यावर नाही, हे ते प्रेक्षकांना वारंवार बजावत. पॅरिसने त्यांची टिंगल केली, रंगभूमीवर त्यांचे विडंबन झाले. १८१९ साली त्यांचे पुस्तक निघाले आणि त्याच वर्षी ते निवर्तले. पुढे फ्रान्समधील नान्सीच्या वैद्यांनी संमोहनाचे मूळ ‘सूचने’त आहे हे मांडले, तेव्हा फारियांचे म्हणणे काळाच्या पुढचे होते हे मान्य झाले.

मेस्मरकडे दालन होते आणि त्याने श्रेय दालनाला आणि स्वतःला घेतले. फारियांनी दालन काढून टाकले आणि श्रेय समोरच्या माणसाच्या मनाला दिले. आजच्या मनोविषयक मांडणशिल्पांची परीक्षा करताना हाच निकष लावता येतो. ते दालन मला दिपवून, गुंगवून बाहेर सोडते, की माझे मन कसे चालते हे मला दाखवून देते?

पाहणाऱ्यालाच पाहायला लावणारी कला

या निकषावर उतरणारे काम पाश्चात्त्य कलेत गेल्या साठ वर्षांत पुष्कळ झाले. अमेरिकेचा जेम्स टरेल मुळात मानसशास्त्राचा विद्यार्थी. त्याने संवेदनशास्त्राचे शिक्षण घेतले होते. १९६८-६९मध्ये लॉस एंजेलिसच्या कलासंग्रहालयाच्या एका उपक्रमात त्याने रॉबर्ट आर्विन हा कलावंत आणि एडवर्ड वॉर्ट्झ हा मानसशास्त्रज्ञ यांच्याबरोबर निःशब्द खोलीत आणि एकसमान प्रकाशात माणसाला काय होते याचे प्रयोग केले. एकसमान प्रकाशाच्या या स्थितीला मानसशास्त्रात ‘गान्झफेल्ड’ हा जर्मन शब्द आहे. डोळ्यांसमोर कडा नाही, छाया नाही, खोली-उंचीचा कसलाही आधार नाही, अशी अवस्था काही मिनिटे राहिली की मेंदू स्वतःच रंग आणि आकार निर्माण करू लागतो. टरेलने पुढे याच नावाची दालने उभारली. त्यांत शिरलेल्या माणसाला रंगीत धुक्याचा भास होतो, पण धुके नसते. प्रकाश असतो आणि पाहणाऱ्याचा मेंदू असतो.

ही किमया निरुपद्रवी नाही, हेही लक्षात घ्यावे. १९८० साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात टरेलच्या प्रदर्शनात काही प्रेक्षक प्रकाशालाच भिंत समजून टेकायला गेले आणि पडले. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. मनाची फसगत हा कलेचा विषय असेल तर त्या फसगतीची जबाबदारीही कोणीतरी घ्यावी लागते.

ब्रूस नाउमनने १९७० साली केलेली एक रचना त्याहून साधी आणि त्याहून अस्वस्थ करणारी आहे. एक लांब, अरुंद बोळ. टोकाला एकावर एक ठेवलेले दोन दूरचित्रवाणी संच. एकात त्याच रिकाम्या बोळाचे आधी चित्रित केलेले दृश्य, दुसऱ्यात बोळाच्या तोंडाशी बसवलेल्या कॅमेऱ्यातून येणारे थेट चित्र. प्रेक्षक स्वतःला पाहायला पुढे जातो आणि कॅमेऱ्यापासून दूर जाऊ लागतो. म्हणून पडद्यावर त्याला स्वतःची पाठ दिसते आणि तो जितका जवळ जाईल तितकी ती आकृती लहान होत जाते. दुसऱ्या संचात तर तो नसतोच. स्वतःपासून तुटल्याची जी भावना मनोरुग्ण शब्दांत सांगताना अडखळतो, ती इथे दोन संच आणि एक कॅमेरा एवढ्या सामग्रीत अंगावर येते.

ओलाफर एलियासनने २००३-०४च्या हिवाळ्यात लंडनच्या टेट मॉडर्नमधील प्रचंड दालनात एक कृत्रिम सूर्य उगवला होता. एकरंगी पिवळे दिवे, त्यांच्यापुढे अर्धवर्तुळ, छताला आरसे आणि हवेत विरळ धुके. छतातील प्रतिबिंबामुळे अर्धवर्तुळ पूर्ण होई. लोक जमिनीवर उताणे पडून वर आपलेच ठिपक्याएवढे प्रतिबिंब शोधत, अनोळखी माणसे मिळून हातापायांनी अक्षरे तयार करीत. सुमारे २० लाख लोकांनी ते पाहिले. एलियासनने यंत्रणा लपवली नव्हती, हे या कामाचे वैशिष्ट्य. प्रेक्षक पुढे चालत गेला की सूर्याची मागची बाजू, दिवे आणि तारा त्याला स्पष्ट दिसत. सारे कृत्रिम आहे हे कळूनही मनाची ऊब कमी होत नसे. फारियांच्या खुर्चीचा हाच धर्म होता. युक्ती उघड केली तरी अनुभव टिकतो, कारण तो युक्तीत नव्हताच.

आजार, आरसे आणि रांगा

याच क्षेत्रातील सर्वांत प्रसिद्ध नाव यायोई कुसामा यांचे. जपानमध्ये १९२९ साली जन्मलेल्या कुसामा यांना लहानपणापासून भास होत. टेबलावरील कापडाची फुले भिंतीवर, छतावर, स्वतःच्या अंगावर पसरत गेली आणि आपण त्यांत नाहीसे होत आहोत असे वाटले, असा अनुभव त्यांनी स्वतःच सांगितला आहे. ठिपक्यांची त्यांची सारी सृष्टी त्यातून आली. १९६५ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी आरशांची पहिली खोली केली. १९७७पासून त्या टोकियोतील एका मनोरुग्णालयात स्वेच्छेने राहिल्या आणि जवळच्या स्टुडिओत जाऊन रोज काम करीत आल्या. त्यांच्या कलेतील ‘स्व’चा लोप ही अलंकारिक कल्पना नाही. तो त्यांचा आजार आहे आणि आजाराशी केलेला तहही आहे.

आता या खोल्यांचे जगभर काय झाले ते पाहा. वॉशिंग्टनच्या हर्शहॉर्न संग्रहालयात २०१७ साली त्यांच्या आरसेखोल्यांचे प्रदर्शन झाले, तेव्हा तासन्तास रांगेत उभे राहिलेल्या प्रेक्षकाला एकेका खोलीत जेमतेम अर्धे मिनिट मिळत असे. एवढ्या वेळात मनुष्य काय करणार? तो मोबाइल काढतो. प्रदर्शन सुरू झाल्यानंतर काही दिवसांतच दालनातील एक भोपळा प्रेक्षकाच्या चुकीने फुटला. स्वतःच्या लोपासाठी बांधलेली खोली स्वतःचे छायाचित्र काढण्याची सर्वांत सोयीची जागा ठरली. याचा दोष कुसामांचा नव्हे. ज्या अनुभवाला वेळ हीच मूळ सामग्री लागते, त्यातून वेळच काढून घेतला की उरते ती पार्श्वभूमी.

व्हॅन गॉगच्या बाबतीत तर कलावंताची परवानगी घेण्याचाही प्रश्न नव्हता. मे १८८९मध्ये तो स्वतःहून सां-रेमीच्या मनोरुग्णालयात दाखल झाला आणि वर्षभर राहिला. ‘ताऱ्यांची रात्र’ हे चित्र त्याने तिथल्या खिडकीतून दिसणाऱ्या आकाशावरून जून १८८९मध्ये रंगवले. गेल्या दशकात प्रक्षेपकांच्या साह्याने त्याची चित्रे भिंती-जमिनीवर फिरवणाऱ्या प्रदर्शनांचे पेव फुटले. ती मुंबईपर्यंतही आली. मोठमोठ्या हॉलमध्ये संगीताच्या तालावर ते आकाश गरगर फिरते, मुले त्यावर बागडतात. मुलांनी बागडू नये असे मी म्हणणार नाही. पण या प्रकारात व्हॅन गॉगचे मन कुठेही भेटत नाही. मूळ चित्र फूट-दोन फूट अंतरावरून पाहताना रंगाचा एकेक जाड फटकारा ज्या निग्रहाने ओढला आहे तो जाणवतो. आजाराशी झुंजत केलेले ते काम आहे हे कळते. चाळीस फुटी प्रक्षेपणात तो निग्रह वितळून जातो आणि केवळ गरगरणे शिल्लक राहते. या व्यवसायातील एक मोठी उत्तर अमेरिकी कंपनी २०२३ साली दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत पोहोचली. दिपवण्याच्या धंद्यात प्रेक्षक दुसऱ्यांदा येण्याचे कारण उरत नाही.

टोबा टेकसिंग आणि पत्र्याच्या ट्रंका

मन एकट्या माणसाचेच असते असे नाही. समाजालाही आघात होतो आणि तोही पिढ्यानपिढ्या दडपलेला राहतो. या जातीच्या मांडणशिल्पाचे भारतातील सर्वांत ठळक उदाहरण मुंबईचे आहे. नलिनी मलानी यांचा जन्म १९४६ साली कराचीत झाला; फाळणीत कुटुंब विस्थापित झाले; शिक्षण सर ज. जी. कलाशाळेत. मे १९९८मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि त्यानंतर त्यांनी ‘रिमेंबरिंग टोबा टेकसिंग’ ही चित्रफितींची मांडणी केली. ती मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात दाखवली गेली.

आधार होता सआदत हसन मंटो यांच्या कथेचा. फाळणीनंतर दोन्ही सरकारे वेड्यांच्या इस्पितळातील रुग्णांची धर्मानुसार अदलाबदल करायचे ठरवतात. लाहोरचा एक शीख रुग्ण आपले गाव नेमके कुठल्या देशात गेले एवढेच विचारत राहतो आणि शेवटी दोन सीमांच्या मधल्या जमिनीवर कोसळतो. शहाणे कोण आणि वेडे कोण, हा त्या कथेचा प्रश्न आहे. मलानींनी तो प्रश्न दालनात आणला. निर्वासितांनी सामान भरून नेले तशा पत्र्याच्या ट्रंका, त्या उघड्या ट्रंकांत दूरचित्रवाणी संच, भिंतींवर अणुस्फोटाची दृश्ये आणि समोरासमोरच्या भिंतींवर एकच साडी मिळून घडी घालू पाहणाऱ्या दोन स्त्रिया. प्रेक्षक त्या दोन भिंतींच्या मध्ये, म्हणजे कथेतील रुग्ण जिथे कोसळतो त्या जागी उभा राहतो. त्याला कोणी काही समजावून सांगत नाही. पत्र्याची ट्रंक आपल्या घरातही माळ्यावर होती, हे त्याचे त्यालाच आठवते.

इथे माध्यमे अनेक आहेत, पण एकही शोभेसाठी नाही. आघात झालेली व्यक्ती तो प्रसंग सलगपणे सांगू शकत नाही. तो तुकड्यांत, आवाजांत, एखाद्या वस्तूच्या दर्शनाने परत परत येतो, हे मानसशास्त्र सांगते. तुकडे, आवाज आणि वस्तू यांचीच बनलेली कला तो अनुभव कथेपेक्षा वेगळ्या रीतीने पोचवू शकते. विषयाने रूप मागितले आणि कलावंताने ते दिले, असे फार थोड्या ठिकाणी म्हणता येते.

सहानुभूतीचा उलटा परिणाम

अशा दालनांच्या बाजूने नेहमी दिला जाणारा युक्तिवाद असा: मनोरुग्णाला काय वाटते हे लोकांना प्रत्यक्ष अनुभवू द्या, म्हणजे कलंक कमी होईल. ऐकायला तो पटतो. कानात कुजबुजणारे, शिव्या देणारे आवाज ऐकवत माणसाला साधी कामे करायला लावायची, अशी अनुकरणे वैद्यकीय शिक्षणातही वापरली गेली आहेत. त्यांवर झालेल्या संशोधनाचा एक पद्धतशीर आढावा २०११ साली प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष आपल्या आयोजकांनी नीट वाचण्याजोगा आहे. असा अनुभव घेतलेल्यांची सहानुभूती वाढली. पण त्याचबरोबर अशा रुग्णापासून दूर राहण्याची इच्छाही वाढली.

यात आश्चर्य नाही. काही मिनिटांत प्रेक्षकाला आजाराचा फक्त भयंकर भाग भेटतो. त्या आवाजांसह नोकरीवर जाणारा, भाजी आणणारा, मुलीचा अभ्यास घेणारा माणूस त्याला भेटत नाही. ‘किती भयंकर!’ म्हणत तो बाहेर पडतो आणि भयंकर गोष्टींपासून माणूस लांबच राहतो. म्हणजे तंत्र जितके प्रभावी, तितका उलटा परिणाम होण्याचा धोका मोठा. मेस्मरच्या दालनातून आचके देत बाहेर पडलेल्यांनाही आपल्याला काहीतरी फार मोठे कळले असेच वाटले होते.

गोव्याने काय करावे

हा विषय आपल्यासाठी केवळ कलारसिकतेचा नाही. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले आणि निरनिराळ्या विकारांत उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के होते. सर्वेक्षण झालेल्या १२ राज्यांत गोवा नव्हता, म्हणून आपण या आकड्यांबाहेर आहोत असे समजण्याचे कारण नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा नागरिकाचा हक्क ठरवला. २०२२पासून १४४१६ या क्रमांकावर टेलीमानस ही मोफत सेवा आहे. तरीही ‘बांबोळीला नेले’ हे वाक्य आपल्या गावांत अजून आवाज खाली करूनच उच्चारले जाते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका प्रदर्शनातील ‘आठवण’ या विषयावरच्या दालनात मी उभा होतो. काळोख, हृदयाच्या ठोक्यांचा वाढत जाणारा आवाज, मधूनच रुग्णशय्येचे दृश्य. माझ्या पुढे असलेल्या साठीच्या बाई एकाएकी थांबल्या आणि भिंत चाचपत विचारू लागल्या, “भायर वचपाची वाट खंय?” बाहेर आणल्यावर कळले, दोनच महिन्यांपूर्वी त्यांचे यजमान अतिदक्षता विभागात गेले होते. दारावर फलक होता, तो इंग्रजीत. त्यात कलावंताची भूमिका होती, आत काय आहे ते नव्हते. तिथे नेमलेला महाविद्यालयीन मुलगा भला होता. त्याने पाणी आणून दिले. त्यापलीकडे काय करायचे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. बाईंच्या शेजारी पायरीवर बसून तो नुसता घामाघूम झाला होता.

या प्रसंगावरून अशी दालने नकोत, असा निष्कर्ष काढू नये. त्या बाईंना हादरवण्याची शक्ती त्या कलाकृतीत होती, हे कबूल करायला हवे. शक्ती आहे म्हणूनच चार गोष्टी आवश्यक ठरतात.

पहिली भाषेची. दालनाबाहेरचा मजकूर कोकणी आणि मराठीत असावा आणि आत काळोख, मोठा आवाज, लखलखाट, मृत्यूचे वा हिंसेचे दृश्य आहे का, हे त्यात सरळ शब्दांत लिहिलेले असावे. संमतीशिवाय केलेल्या संमोहनाला फारियांनीही मान्यता दिली नसती. दुसरी वाटेची. मधूनच बाहेर पडण्याचा मार्ग दिसेल असा असावा आणि बाहेर दोन बाके असलेली शांत जागा असावी. तिसरी वेळेची. रांग हलवण्यासाठी प्रेक्षकाला अर्ध्या मिनिटात हाकलायचे असेल, तर ती कलाकृती तिथे मांडू नये.

चौथी गोष्ट माणसांची आणि तीत गोव्याला इतरांपेक्षा अधिक काही करता येण्यासारखे आहे. सामान्य शिक्षण असलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशनाचे प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमले तर नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना लाभ होतो का, याची मोठी चाचणी ‘संगत’ या संस्थेने गोव्यातच केली. सरकारी केंद्रांत तो लाभ दिसला आणि २०१० साली ‘लॅन्सेट’ने ते निष्कर्ष छापले. जगभर त्या प्रयोगाचा दाखला दिला जातो. ज्या राज्याने हे जगाला दाखवले, त्या राज्यातील कलाप्रदर्शनांत दाराशी बसणाऱ्या मुलाला दोन दिवसांचे प्रशिक्षण देता येऊ नये? बांबोळीच्या मानसोपचार संस्थेतील तज्ज्ञ आणि बऱ्या झालेल्या रुग्णांपैकी इच्छुक मंडळी यांना मांडणीच्या आराखड्यापासूनच सोबत घेता येईल. रुग्णाचे दुःख दाखवायचे आणि रुग्णाला विचारायचे नाही, ही रीत आता थांबली पाहिजे. कलावंताच्या स्वातंत्र्यावर हे बंधन नाही. नाटकाच्या प्रयोगात आग दाखवताना पडद्यामागे पाण्याची बादली ठेवतात, त्याने नाटक फिके पडत नाही.

योगायोग असा की यातल्या जागा मुळात उपचाराच्याच आहेत. प्रदर्शनांसाठी वापरली जाणारी ती जुनी इमारत १८४२ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेच्या वारशातली. बांबोळीची मानसोपचार संस्था पूर्वी आल्तिनोवर होती आणि पोर्तुगीज काळात त्या इस्पितळाला आबे फारियांचेच नाव होते. कला आणि मनोविकार यांची गाठ घालून देणारे याहून योग्य ठिकाण देशात क्वचितच सापडेल.

फारियांची एक आख्यायिका गोव्यात सर्वांना ठाऊक आहे. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभे राहिलेल्या तरुण फारियांची जीभ भीतीने टाळूला चिकटली. सोनेरी छत, दिवे, उंची वस्त्रांतील दरबार यांनी त्यांना पार दिपवून टाकले होते. तेवढ्यात मागून वडील हळूच कोकणीत म्हणाले, “ही सगळी भाजी, कातर रे भाजी!” त्या शब्दांनी भीती पळाली आणि प्रवचन रंगले. गोष्ट खरी असो वा रचलेली, तीत एक अनुभव आहे. भव्य दालनाने गोठवलेले मन आपल्या भाषेतल्या, आपल्या माणसाच्या एका वाक्याने मोकळे होते.

पुढच्या वेळी पणजीतील एखाद्या काळोख्या दालनातून डोळे चोळत बाहेर आलात, तर चार पावले चालून त्या पुतळ्यापाशी जा. पसरलेल्या हातांकडे सगळेच पाहतात. आपण त्या मागे कललेल्या स्त्रीकडे पाहावे. फारियांच्या मते त्या शिल्पात जे काही घडते आहे, ते तिच्या मनात घडते आहे. आणि ती शुद्धीवर आल्यावर तिच्याशी कोण बोलणार आहे, याची व्यवस्था आपण करायची आहे.